धागा: जुन्या धनादेश प्रकरणातले पकड वॉरंट कसे शोधावे आणि कसे रद्द करून घ्यावे? (नागपूर)

रंधा_पटाशी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझे वय ५४ आहे. सक्करदऱ्यात माझा फर्निचरचा छोटा कारखाना होता, तो आता बेसा भागात हलवला आहे. २०१७ मध्ये लाकूड पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्यांना दिलेला ८५,००० रुपयांचा माझा धनादेश वटला नाही, तेव्हा त्यांनी धनादेश न वटण्याच्या गुन्ह्याच्या, म्हणजे परक्राम्य संलेख कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली तक्रार दाखल केली. समन्स मिळाल्यावर मी हजर झालो, १५,००० रुपयांच्या बंधपत्रावर जामीन झाला आणि माझे मेहुणे जामीनदार म्हणून उभे राहिले. पुढची दोन वर्षे मी प्रत्येक पेशीला जात होतो.

२०१९ च्या दिवाळीनंतर मी सगळी रक्कम तीन हप्त्यांत रोख चुकती केली. "कोर्टात मी सांगून टाकतो, तुम्ही आता काळजी करू नका," असे ते म्हणाले आणि मी त्या शब्दावर विसंबून जाणे बंद केले. नंतर टाळेबंदी आली, आमचे वकीलसाहेब वारले, घरही बदलले. माझ्या दृष्टीने प्रकरण संपले होते.

मागच्या महिन्यात मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी जायचे म्हणून पासपोर्टचा अर्ज केला. पडताळणीसाठी आलेल्या हवालदारांनी सांगितले, की तुमच्या नावावर कोर्टाची केस दिसते, आधी ती पाहून घ्या. वॉरंट आहे की नाही, हे त्यांनी सांगितले नाही. तेव्हापासून रात्री दाराची बेल वाजली तरी पत्नी दचकते.

माझ्यावर वॉरंट निघाले आहे का, हे पोलीस ठाण्यात न जाता कसे समजेल? स्वतः न्यायालयात गेलो तर तिथेच अटक करतील का? आणि ज्या मेहुण्यांनी माझ्यासाठी सही केली, त्यांचे काय होईल? या तिसऱ्या प्रश्नाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले आहे.

सिव्हिल_लाइन्स_वकील

दादा, प्रथम प्रकरण जिवंत आहे का, ते पाहा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर महाराष्ट्र, नंतर नागपूर आणि जिल्हा न्यायालयाचे संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. आपल्याकडे जुन्या समन्सची प्रत असेल तर प्रकरण क्रमांक टाकावा. धनादेशाची प्रकरणे बहुधा एस.सी.सी. (समरी क्रिमिनल केस) या प्रकारात नोंदलेली असतात. नावाने शोधताना घोटाळा होतो तो इंग्रजी स्पेलिंगचा. एकाच आडनावाची तीन-चार स्पेलिंगे असतात आणि नोंद करणाऱ्याने त्यांतले कोणते वापरले हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून आडनावाची पहिली काही अक्षरे आणि २०१७ हे वर्ष टाकून पाहावे. शहरात नाव सापडले नाही तर हिंगणा, कामठी, काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक अशी तालुका न्यायालयेही तपासावीत, कारण तक्रार कुठे दाखल होते हे धनादेश कोणत्या बँकशाखेत जमा झाला यावरही ठरते.

प्रलंबित आणि निकाली असे दोन पर्याय तिथे असतात, ते दोन्ही पाहावेत. आरोपी बराच काळ सापडत नसेल तर आपल्याकडे प्रकरण डॉरमंट फाइलला टाकले जाते. ते रोजच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, येत नाही, पण संपलेलेही नसते. याच्या उलटही घडते. फिर्यादी वारंवार गैरहजर राहिले म्हणून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २५६ खाली आरोपी केव्हाच दोषमुक्त झालेला असतो, आणि पोलीस ठाण्यात मात्र त्याच्या नावाचे वॉरंट पडून राहिलेले असते.

प्रकरण सापडले की प्रकरणाची ओळख असलेला १६ अक्षरी सी.एन.आर. क्रमांक लिहून ठेवा आणि पुढील तारखेसमोर कोणता टप्पा लिहिला आहे ते पाहा. तिथे एन.बी.डब्ल्यू. असे दिसले तर अजामीनपात्र वॉरंटचा आदेश झालेला आहे. तरीही केवळ पडद्यावरच्या नोंदीवर थांबू नका. वकिलामार्फत तपासणीचा अर्ज देऊन मूळ रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झाले याची न्यायालयाची नोंद, वाचून घ्यावा. वॉरंट कोणत्या तारखेला निघाले, कोणत्या ठाण्याला पाठवले, आणि जामीनदाराला नोटीस काढली का, ही तिन्ही उत्तरे रोजनाम्यातच मिळतात.

महालातला_जुना

एवढे मनावर घेण्याचे कारण नाही. धनादेशाच्या प्रकरणात पोलीस घरी येत नाहीत, त्यांना बाकी कामे पुष्कळ आहेत. पाच-सहा वर्षे झाली म्हणजे वॉरंटही जुने होऊन पडते. आपण होऊन कोर्टात गेल्याने उलट निद्रिस्त प्रकरण जागे होईल.

सिव्हिल_लाइन्स_वकील

वरील सल्ला कृपया कोणीही मानू नये, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वॉरंट जुने होऊन पडत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७०(२) प्रमाणे, ज्या न्यायालयाने ते काढले त्याने रद्द करेपर्यंत किंवा त्याची तामिली (अंमलबजावणी) होईपर्यंत ते अमलात राहते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ मध्येही हेच आहे. त्या तारखेला जी प्रकरणे चालू होती ती नव्या संहितेच्या कलम ५३१ प्रमाणे जुन्याच संहितेने चालतात, म्हणून धागाकर्त्यांच्या अर्जावर जुनी कलमे लिहावी लागतील.

आपण गेला नाहीत तर पुढची पायरी फरारी घोषित करण्याच्या उद्घोषणेची असते. कलम ८२ प्रमाणे हजर होण्यासाठी किमान ३० दिवसांची मुदत देऊन ती प्रसिद्ध होते आणि त्यानंतर कलम ८३ प्रमाणे मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. पासपोर्टचेही आहेच. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचे कलम ६(२) फौजदारी प्रकरण प्रलंबित असताना, तसेच हजेरीचे समन्स किंवा अटकेचे वॉरंट निघालेले असताना पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार देते. ज्या न्यायालयात प्रकरण चालू आहे त्याची परवानगी आणल्यास ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो, परंतु ज्याच्यावर वॉरंट आहे अशा माणसाने ती परवानगी मागायची कशी?

एक गैरसमज माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ पक्षकारांच्या मनात असतो. अजामीनपात्र वॉरंट निराळे आणि अजामीनपात्र गुन्हा निराळा. कलम १३८ चा गुन्हा जामीनपात्रच आहे, म्हणून त्यात अटकपूर्व जामीन मागण्याचा प्रश्न येत नाही. वॉरंट अजामीनपात्र याचा अर्थ इतकाच, की पोलीस आपल्याला ठाण्यातून जामिनावर सोडू शकत नाहीत, न्यायालयापुढेच उभे करावे लागते. मात्र एकदा बंधपत्राची अट मोडली, की जामीनपात्र गुन्ह्यातही पुढच्या वेळी जामीन नाकारण्याचा अधिकार कलम ४३६(२) ने न्यायालयाला दिला आहे. म्हणूनच स्वतःहून आलेला माणूस आणि पोलिसांनी धरून आणलेला माणूस यांच्याकडे न्यायालय एका नजरेने पाहत नाही.

निवृत्त_शिरस्तेदार

मी न्यायमंदिराच्या, म्हणजे नागपूर जिल्हा न्यायालयाच्या, इमारतीत बरीच वर्षे फौजदारी टेबलावर काढली आहेत. त्या दिवशी प्रत्यक्ष काय होते ते सांगतो, कारण पक्षकार अर्धी भीती न कळल्यामुळे बाळगतो.

सकाळी बोर्ड सुरू होण्याआधी वकिलांनी वकीलपत्र आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज तयार ठेवलेला असावा. अर्जावर कोर्ट फीचे तिकीट लागते. प्रकरण त्या दिवशीच्या बोर्डावर नसेल तर आधी ते बोर्डावर घेण्याचा अर्ज द्यावा लागतो, आणि फाइल रेकॉर्डला किंवा डॉरमंटला गेली असेल तर ती काढून आणायला एखादा दिवस जातो. त्यामुळे आधी वकिलांनी येऊन फाइल कुठे आहे ते पाहावे आणि मगच पक्षकाराने यावे, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. फाइल नाही म्हणून संध्याकाळी परत गेलेले आणि पुन्हा कधीच न आलेले लोक मी पाहिले आहेत.

अर्जात गैरहजेरीचे खरे कारण लिहावे. आजारपणाचे खोटे कागद जोडू नयेत. रक्कम दिली, तोंडी समझोता झाला, वकील वारले, घर बदलले, हे सारे खरे आहे, तर तेच लिहावे आणि वकिलांच्या मृत्यूचा, घरभाड्याच्या कराराचा असा जो कागद असेल तो जोडावा. न्यायाधीश अर्ज पाहून फिर्यादीच्या वकिलांचे म्हणणे मागवतात. ते हजर असतील तर त्याच अर्जाच्या मागे दोन ओळींत आपले म्हणणे लिहून देतात. तोपर्यंत पक्षकाराने न्यायकक्षातच बसून राहावे. चहाला जाऊ नये. पुकारा झाला आणि माणूस जागेवर नाही, असे झाले की केलेले सगळे मातीमोल होते.

पुकारा झाला की पुढे येऊन उभे राहावे आणि विचारले तेवढेच बोलावे. आदेश बहुधा असा होतो, की अमुक इतका खर्च भरण्याच्या आणि नवीन बंधपत्र देण्याच्या अटीवर वॉरंट रद्द. पैसे भरून पावती घ्यावी. नवीन जामीनदार लागणार असेल तर त्यांचे आधार कार्ड, रेशन कार्ड आणि घरटॅक्सची पावती किंवा सातबारा यांच्या मूळ प्रती आणि छायाप्रती त्याच दिवशी सोबत असाव्यात. जामीनदार वेळेवर मिळत नसेल तर रोख रक्कम भरून सोडण्याची विनंती करता येते.

आता मेहुण्यांचे. आरोपी गैरहजर राहिला, की बंधपत्र जप्त झाल्याचे नोंदवून जामीनदाराला "दंड का वसूल करू नये" अशी कारणे दाखवा नोटीस काढली जाते; हे जुन्या संहितेचे कलम ४४६. १५,००० च्या बंधपत्रावर त्यांची सही आहे, म्हणजे तितकी जबाबदारी त्यांच्या डोक्यावर आहे. पण त्याच कलमात दंडाची रक्कम कमी करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे आणि आरोपी स्वतः हजर झाला हे त्यासाठी सर्वांत सबळ कारण ठरते. आपण हजर होणे हीच त्यांची सुटका आहे.

नंदनवनची_ताई

माझे प्रकरण निराळे, तरी सांगते. मी एका अपघाताच्या खटल्यात साक्षीदार होते. समन्स जुन्या पत्त्यावर गेले आणि माझ्या नावाने जामीनपात्र वॉरंट निघाले. आरोपी नसताना वॉरंट हा शब्द ऐकून मी रात्रभर झोपले नाही. ठाण्यातल्या समन्स-वॉरंट अंमलदारांनी फोन केला, बंधपत्रावर सही घेतली आणि तारीख सांगितली. त्या दिवशी जाऊन साक्ष दिली, सरकारी वकिलांनी पत्ता बदलल्याचे सांगितले आणि विषय तिथेच संपला.

वकिलांची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांच्या आत असावे लागते. १५१०० या क्रमांकावरही माहिती देतात.

उमरेड_रोड

ज्या मुद्द्यावर या धाग्यात अजून कोणी लिहिलेले नाही, त्यावर लिहितो, कारण मी तो भोगलेला आहे.

माझ्यावरचे वॉरंट एका मंगळवारी रद्द झाले. खर्च भरला, पावती घेतली, देवीला नारळ फोडला आणि घरी आलो. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळी सात वाजता दोन शिपाई दारात उभे. त्यांच्या हातात तेच वॉरंट होते. मी सांगितले की ते रद्द झाले आहे. त्यांनी कागद मागितला. माझ्याकडे फक्त पैशांची पावती होती आणि तिच्यावर वॉरंट रद्द झाले असे कुठेही लिहिलेले नव्हते. वकिलांचा फोन लागला नाही. ती रात्र मी कोठडीत काढली आणि रविवारी सुटीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभा राहिलो. त्यांनी रोजनाम्याचा आदेश पाहून मला लगेच सोडले. सोडले, पण धाकटा मुलगा माझी चप्पल घेऊन ठाण्याच्या फाटकाशी उभा होता, ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

चूक कोणाची, हे मी नंतर शोधून काढले. आदेश झाला होता, परंतु वॉरंट विनातामिली परत पाठवा असे पत्र ठाण्यात पोहोचलेच नव्हते. ठाण्याच्या नोंदवहीत माझे नाव तसेच उभे होते. शिपायांच्या दृष्टीने त्यांनी आपले काम केले.

त्यामुळे कळकळीची विनंती करतो. वॉरंट रद्द झाल्याच्या आदेशाची प्रमाणित नक्कल त्याच दिवशी अर्ज करून मागा. वॉरंट परत मागवणारे पत्र जावक क्रमांकासह निघाले का, ते बेंच क्लर्ककडे विचारा आणि ते हातोहात नेण्याची परवानगी मागा. मग स्वतः किंवा वकिलांच्या सहायकासोबत ठाण्यात जाऊन समन्स-वॉरंट अंमलदारांना ते द्या, पोच घ्या आणि आपल्यासमोर नोंदवहीत नोंद करवून घ्या. घर बदलले असेल तर जुन्या आणि नव्या, दोन्ही ठाण्यांत जा. नकलेची एक प्रत पाकिटात आणि एक घरच्यांकडे ठेवा.

सिव्हिल_लाइन्स_वकील

वरील प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे. रद्द झालेल्या वॉरंटवर अटक होण्याचा असाच एक प्रसंग मुंबईत २००२ मध्ये एका वकिलांच्याच बाबतीत घडला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०११ च्या निकालात न्यायालयाने अजामीनपात्र वॉरंटांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. वॉरंटांना क्रमांक द्यावेत, न्यायालयात आणि ठाण्यात त्यांची नोंदवही ठेवावी, आणि रद्द केलेले वॉरंट तत्काळ परत मागवावे, असे त्यांत आहे. नक्कल मागताना या निकालाचा आधार घेता येतो. वॉरंट ही यंत्रवत काढण्याची गोष्ट नाही, आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि त्यानंतरच अजामीनपात्र, असेही सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलेले आहे. आपल्या रोजनाम्यात मधली पायरी गाळलेली दिसली तर अर्जात तेही लिहावे.

आणखी एक सावधगिरी. न्यायालयाच्या आवाराबाहेर "वॉरंट दाबून देतो" असे सांगणारे लोक भेटतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका. वॉरंट रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाखेरीज ठाण्यातल्या कोणालाही नाही. तसेच व्हॉट्सॲपवर वॉरंटचा फोटो पाठवून पैसे मागणारे फोन सध्या पुष्कळ येतात. न्यायालय फोनवरून पैसे मागत नाही. शंका आली तर फोन ठेवावा आणि प्रकरण क्रमांक ई-कोर्ट्सवर पाहावा.

महालातला_जुना

उमरेड रोडवरील बंधूंचा अनुभव वाचून मी माझा पहिला सल्ला मागे घेतो. माझ्याही एका नातलगाचे असेच जुने प्रकरण आहे. सोमवारी त्यांना घेऊन जातो.

रंधा_पटाशी (धागाकर्ता)

सर्वांना उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, क्षमस्व. ई-कोर्ट्सवर माझे नाव चौथ्या स्पेलिंगला सापडले. टप्पा एन.बी.डब्ल्यू. होता. नवीन वकीलसाहेबांनी रोजनामा काढला, तेव्हा कळले की वॉरंट २०२२ मध्येच निघाले होते आणि सक्करदऱ्याच्या जुन्या पत्त्यावर गेले होते. जामीनदारांना नोटीस काढण्याचा आदेशही त्याच पानावर होता. ती नोटीस मेहुण्यांना मिळाली होती. त्यांनी ती कपाटात ठेवून दिली आणि मला वाईट वाटेल म्हणून तीन वर्षांत एका शब्दाने सांगितले नाही.

ठरलेल्या दिवशी मेहुणे स्वतःच कागद घेऊन माझ्याआधी न्यायमंदिराच्या पायऱ्यांवर येऊन बसले होते. शिरस्तेदार काकांनी सांगितले होते म्हणून आम्ही दोघेही जागचे हललो नाही. पुकारा साडेतीननंतर झाला. न्यायाधीशांनी एकच प्रश्न विचारला, "इतकी वर्षे कुठे होता?" मी म्हणालो, "साहेब, पैसे दिले म्हणजे प्रकरण संपले असे समजलो." फिर्यादीच्या वकिलांनी रक्कम मिळाल्याचे अर्जाच्या मागे लिहून दिले होते. १,००० रुपये खर्चावर वॉरंट रद्द झाले आणि नव्या बंधपत्रावर पुन्हा मेहुण्यांनीच सही केली. मी नको म्हणत होतो, त्यांनी पेन सोडले नाही.

नक्कल दुसऱ्या दिवशी मिळाली, पत्र हातोहात मिळाले. ठाण्यात अंमलदारांनी जाडजूड नोंदवही उघडली, बोट फिरवत माझ्या नावावर आणले, त्यावर लाल शाईने आडवी रेघ ओढली आणि शेजारी "न्यायालयाच्या आदेशाने रद्द, विनातामिली परत" असे लिहून तारीख घातली. बेशाच्या हद्दीतल्या ठाण्यातही जाऊन आलो. तिथे माझे नाव नव्हतेच, तरी पत्राची पोच घेतली.

पुढची पेशी १७ तारखेला आहे. फिर्यादी व्यापारी येणार आहेत, त्या दिवशी तडजोडीची पुरसिस (न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन) दाखल होईल आणि जामीनदारांची नोटीस मागे घेण्याचा अर्जही सोबत जाईल. मेहुणे येतो म्हणाले आहेत.